फोर्स पुशनंतर गिटला हात लावायची भीती वाटते

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: बार्शीजवळच्या गावातून आलेली, मेकॅनिकल इंजिनीअरिंग झालेली २३ वर्षांची मुलगी. पुण्यात कोर्स करून एका कंपनीत ज्युनिअर डेव्हलपर म्हणून लागली, त्याला पाच महिने झाले. दोन महिन्यांपूर्वी ती आणि टीममधला एक सहकारी गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) एकाच ब्रांचवर, म्हणजे कामाच्या एकाच फांदीवर, काम करत होते. तिचा पुश, म्हणजे काम सर्व्हरवर चढवणं, रिजेक्ट झाला. नेटवर शोधल्यावर जो उपाय सापडला तो तिने केला, म्हणजे फोर्स पुश (सर्व्हरवर काय आहे ते न जुमानता आपलं चढवणं), आणि सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम सर्व्हरवरून गेलं. त्याने ते अर्ध्या तासात परत आणलं. पण सीनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, "यापुढे तू गिटला हात लावू नकोस, मला सांगत जा." तेव्हापासून ती आठवडाभर नुसतं फोल्डरमध्ये काम करते आणि शुक्रवारी सीनिअर ते सगळं एका कमिटमध्ये (गिटमधली एक नोंद) चढवतो. मधे काही जाऊ नये म्हणून रोज संध्याकाळी ती फोल्डरची झिप करून स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर ठेवते. तिने विचारलं आहे: "ताई, सगळ्या कमांड पाठ करायला घेतल्या, पण डोक्यात राहत नाहीत. हे काम माझ्या आवाक्यातलं नाही का? टेस्टिंगला बदली मागू का? वडील शेती करतात, घरी यातलं काहीच सांगितलेलं नाही."

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष फोर्स पुशकडेच गेलं, कारण तूही सगळा जोर तिथेच दिला आहेस. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थांबले: "त्याने अर्ध्या तासात परत आणलं, कसं ते मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही." गेले दोन महिने तू जे गेलं त्याचाच विचार करते आहेस. ते परत कुठून आलं, हे एकदा नीट बघू या. तुझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

ते बहुधा सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून आलं. तो कुठेही गेलेला नव्हता आणि त्याच्याकडचं काहीही पुसलं गेलेलं नव्हतं. सर्व्हरवरची ब्रांच म्हणजे कामाची पेटी आणि ती तू रिकामी केलीस, असं चित्र तुझ्या डोळ्यांसमोर आहे. प्रत्यक्षात ब्रांच म्हणजे एक नाव आणि त्या नावापुढे लिहिलेला एका कमिटचा ४० अक्षरी क्रमांक. बस, एवढंच. तू सर्व्हरवर त्या नावापुढचा क्रमांक बदललास. त्याचे कमिट त्याच्या मशीनवर जागच्या जागी होते. त्याने तुझं काम खाली घेतलं, आपल्याशी जुळवलं आणि पुन्हा पुश केलं. अर्धा तास लागला तोही बहुधा जुळवायला लागला असेल.

हे योगायोगाने झालं नाही, गिट घडवलंच आहे तसं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. लिनक्स कर्नलचं (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काम तोवर बिटकीपर नावाच्या साधनावर चालायचं. त्याची फुकट वापराची सवलत बंद झाली आणि जगभर विखुरलेल्या लोकांचं काम एकत्र सांभाळणारं दुसरं काहीतरी तातडीने हवं होतं. म्हणून गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास असतो. तू क्लोन करतेस, म्हणजे सर्व्हरवरून प्रत घेतेस, तेव्हा आजच्या फाइलींबरोबर पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद तुझ्या मशीनवर येते. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे सबव्हर्जन नावाचं जुनं साधन होतं. त्यात इतिहास सर्व्हरवर आणि आमच्याकडे फक्त चालू प्रत. एकदा त्या सर्व्हरची डिस्क गेली आणि हाती लागलेला बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा निघाला. फाइली आमच्या मशीनवर होत्या, पण त्या अकरा दिवसांत कोणी, काय, कशासाठी बदललं याची एकही ओळ उरली नाही. काही बग आम्ही अक्षरशः दुसऱ्यांदा शोधले. त्या आठवड्यानंतर इतिहास ही गोष्ट मला कोडइतकीच मोलाची वाटते.

तुझ्या घरी शेती आहे, म्हणजे तलाठ्याकडची कागदपत्रं तू पाहिली असशील. सातबारा म्हणजे आज जमीन कोणाच्या नावावर, किती, काय पीक. फेरफाराची नोंदवही वेगळी, गाव नमुना ६. कोणती नोंद, कोणत्या तारखेला, कशामुळे: वारसाने, खरेदीने, वाटपाने. प्रत्येक नोंदीला क्रमांक. तुझ्या फोल्डरमधल्या फाइली हा सातबारा. कमिट हे फेरफार. चुकीचा फेरफार झाला तर जुनं पान कोणी फाडत नाही, दुरुस्तीची नवी नोंद घालतात. गिटमध्ये त्यालाच रिव्हर्ट म्हणतात: आधीच्या कमिटने जे केलं ते उलटवणारा नवा कमिट. जुनाही दिसतो, नवाही दिसतो. चारजणांच्या सामाईक ब्रांचवर चूक झाली तर सभ्य मार्ग हाच.

एक फरक लक्षात ठेव. गिटच्या नोंदीचा क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि तिच्या आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून तयार होतो. मधली एखादी नोंद कोणी बदलायला गेलं, तर तिथून पुढचे सगळे क्रमांक बदलतात. म्हणून इतिहास गुपचूप फिरवता येत नाही. आणि म्हणूनच सर्व्हरने तुझा पुश रिजेक्ट केला होता. तो तुला नापास करत नव्हता. सांगत होता, "माझ्याकडे अशा नोंदी आल्या आहेत ज्या तुझ्याकडे नाहीत, आधी त्या बघ." अशा वेळी गिट फेच करायचं. फेच तुझ्या फाइलींना हात लावत नाही, फक्त बातमी आणतं. मग लॉगमध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, बघायचं की काय आलं आहे, आणि मर्ज करायचं (दोन्ही कामं एकत्र जोडायची) की रीबेस (आपले कमिट त्यांच्या पुढे नव्याने लावायचे) हे तुमच्या टीमच्या पद्धतीप्रमाणे ठरवायचं. फोर्स करायची वेळ कधी आलीच, फक्त तुझ्या स्वतःच्या ब्रांचवर, तर "फोर्स विथ लीज" वापर. तू शेवटचं पाहिल्यानंतर सर्व्हरवर दुसऱ्या कोणाचं काही आलं असेल तर तो पुश अडतो. मात्र त्याआधी फेच केलं असशील तर काय आलं ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. फेच झालं की गिट "हिने पाहिलं" असं धरून चालतं आणि हे कुलूप उघडतं.

आता तुझ्या भीतीबद्दल. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते मला समजतं. पण इथे चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे. धोका फोर्स पुशमध्ये होता, आणि तू सोडलंस काय, तर कमिट करणं. गिटमध्ये खरोखर जाऊ शकतं ते मुख्यतः कमिट न केलेलं काम. सोमवार ते शुक्रवार तू जे लिहितेस त्याची गिटला खबरच नाही. म्हणजे सावध राहायचं म्हणून तू आठवड्यातले पाच दिवस सर्वांत असुरक्षित जागी उभी असतेस.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. येत्या रविवारी घरच्या किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तासभर काढ. ऑफिसचं काहीही नको. "सराव" नावाचं रिकामं फोल्डर कर, आत गिट इनिट दे, म्हणजे गिट त्या फोल्डरचा इतिहास ठेवायला लागेल. भाजणी नावाची एक साधी टेक्स्ट फाइल कर. लिही: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ. गिट ॲड, गिट कमिट, संदेश: "थालीपीठाच्या भाजणीची धान्यं". मग खाली धणे-जिरे लिही, पुन्हा कमिट. मग प्रत्येकापुढे प्रमाण घाल, तिसरा कमिट. संदेश मराठीत लिहिलास तरी चालतं, गिटला अडत नाही.

आता जी कमांड टाइप करायलाही तुला भीती वाटते ती टाइप कर: गिट रीसेट, हार्ड, दोन कमिट मागे (git reset --hard HEAD~2). फाइल उघड. धणे-जिरे गेले, प्रमाणं गेली, उरली नुसती धान्यं. लॉग बघ, तिथेही एकच कमिट. पोटात गोळा येईल. येऊ दे. मग लिही: गिट रीफ्लॉग. तुझ्या मशीनवर तू कुठून कुठे गेलीस याची यादी समोर येईल आणि तिच्यात तिसरा कमिट बसलेला असेल, ओळीच्या सुरुवातीला त्याचा छोटा क्रमांक. तो उचलून गिट ब्रांच, एखादं नाव आणि तो क्रमांक दे. त्या ब्रांचवर जा, फाइल उघड. धणे-जिरे जागेवर, प्रमाणं जागेवर. गिट अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी रीफ्लॉगमध्ये सहसा ३० दिवस तरी ठेवतं. ही यादी फक्त तुझ्या मशीनवरची, सर्व्हरवर जात नाही, हेही ध्यानात असू दे.

अजून उठू नकोस. आता फाइलीत "मेथीदाणे, एक चमचा" एवढी ओळ लिही आणि सेव्ह कर. ॲड करू नकोस, कमिट करू नकोस. गिट रीसेट हार्ड दे. मेथीदाणे गेले. रीफ्लॉग बघ, लॉग बघ, कुठेच नाहीत. एडिटर उघडा असेल तर त्याच्या अन्डूत सापडतीलही, पण गिट त्यांच्याबद्दल काही सांगू शकणार नाही, कारण तू त्याला कधी सांगितलंच नव्हतंस. तीन कमिट आणि एक चमचा मेथीदाणे यांच्यातला हा फरक बोटांनी एकदा अनुभवलास की कोणत्या गोष्टीला भ्यायचं आणि कोणत्या नाही, हे वेगळं शिकावं लागत नाही.

जमलं तर त्याच रविवारी पुढची पायरी. एक बेअर रिपॉझिटरी कर (नुसता इतिहास ठेवणारा गिटचा साठा, git init --bare), तो तुझा खोटा सर्व्हर. त्याचे दोन क्लोन घे, एक "मी", एक "तो". "तो"मधून दोन कमिट पुश कर. "मी"मध्ये वेगळा कमिट कर, पुश कर, रिजेक्ट होऊ दे, आणि मग फोर्स कर. जे दोन महिन्यांपूर्वी घडलं तेच. आता "तो"च्या फोल्डरमध्ये जाऊन लॉग बघ आणि त्याचे दोन कमिट तिथे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

पाठांतराचं सांगते. सगळ्या कमांड मलाही पाठ नाहीत आणि त्याने माझं काही अडलेलं नाही. रोजच्या कामाला स्टेटस, डिफ, ॲड, कमिट, फेच, पुल, पुश, स्विच आणि लॉग एवढ्या पुरतात. त्यातही स्टेटस सगळ्यात जास्त. काही कळेनासं झालं की आधी गिट स्टेटस द्यायचं आणि ते काय म्हणतं ते शांतपणे पूर्ण वाचायचं. बहुतेक वेळा पुढे काय करता येईल तेही त्यातच लिहिलेलं असतं. चेकआउट तुझ्या डोक्यात बसत नाही असं तू लिहिलं आहेस. तो दोष तुझा नाही. ती एकच कमांड ब्रांचही बदलते आणि फाइलीतले बदल टाकूनही देते. त्यात इतक्या लोकांचा गोंधळ व्हायचा की ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत गिटच्याच मंडळींनी त्या दोन कामांसाठी स्विच आणि रीस्टोर अशा दोन कमांड वेगळ्या केल्या. तू त्या दोनच वापर. बटणांचं साधन सोपं वाटत असेल तर व्हीएस कोड या एडिटरमधलं वापर, त्यात कमीपणा नाही. फक्त बटण दाबल्यावर आत कोणती कमांड चालली ते अधूनमधून बघत जा.

ॲड आणि कमिट वेगळे का, हेही तुला पडलेलं कोडं. एका संध्याकाळी तू लॉगिनचा बग काढतेस आणि जाता जाता रिपोर्टचा रंगही बदलतेस. ॲड म्हणजे या नोंदीत काय घालायचं ते निवडून बाजूला काढणं. बगाचे बदल ॲड करून एक कमिट, रंगाचा दुसरा. उद्या रंग नको म्हणाले तर तेवढाच रिव्हर्ट करता येतो. शुक्रवारी तुझ्या नावावर जो आठवड्याचा एक भला मोठा कमिट चढतो, त्यातून असं काहीही वेगळं काढता येत नाही. शिवाय बग कुठे शिरला ते शोधायला गिट बायसेक्ट असतं, ते कमिटची यादी दरवेळी निम्मी करत जातं आणि हजार कमिटमधून साधारण दहा फेऱ्यांत गुन्हेगार कमिट काढून देतं. तो कमिट आठवडाभराचं गाठोडं निघाला तर पुढचं सगळं शोधणं हातानेच. आणि संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिही. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच.

आता गूगल ड्राइव्ह. इथे मला तुझी खरी काळजी वाटते. कंपनीचा कोड स्वतःच्या खात्यावर नेणं हे बहुतेक कंपन्यांत नियमाच्या विरुद्ध असतं आणि तुझ्या नियुक्तीच्या कागदांवरही तसं कलम असण्याची दाट शक्यता आहे. फोर्स पुशमुळे सहसा कोणाची नोकरी जात नाही, यामुळे जाऊ शकते. हे आजच थांबव. त्या झिपमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा एखादी एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) असलेली फाइल आहे का ते बघ. मग सीनिअरच्या वरच्या लीडला एकटीने भेटून सरळ सांग: काम जाईल या भीतीने मी हे करत होते, हे चुकीचं आहे हे मला कळलं, आता ते कसं काढून टाकू? कोणी विचारायच्या आत स्वतः सांगितलेली गोष्ट आणि नंतर सापडलेली गोष्ट यांचं वजन फार वेगळं असतं. पासवर्ड असलेच तर ते बदलावे लागतील, फाइल पुसून भागत नाही. हाच नियम कमिटलाही लागू. एखादी की चुकून कमिट होऊन पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती काढल्याने काही होत नाही, इतिहासात ती असतेच. आधी की बदलायची, बाकीचं नंतर.

तुझ्या सीनिअरचा माणूस म्हणून मी निवाडा करणार नाही, एका पत्रावरून तो करूही नये. पण "हात लावू नकोस" हा उपाय चुकला आहे असं मला स्पष्ट वाटतं. पाच महिन्यांच्या मुलीला सामाईक ब्रांचवर फोर्स पुश करता आला, तेव्हा त्या ब्रांचला कुंपणच नव्हतं. गिटहब, गिटलॅब या कोड ठेवायच्या दोन्ही सेवांवर ब्रांच प्रोटेक्ट करायची सोय आहे, फोर्स पुश बंद करता येतो. काही मिनिटांचं काम आहे. लीडला भेटशील तेव्हा हेही विचार, तक्रारीच्या सुरात नको: "मुख्य आणि सामाईक ब्रांच आपण प्रोटेक्ट करू शकतो का? आणि मला माझ्या वेगळ्या ब्रांचवर रोज कमिट आणि पुश करायची मुभा द्याल का? मर्ज तुम्ही बघूनच करा." यात त्यांचा ताबा राहतो आणि तुझा हात बसतो. ते नाहीच म्हणाले तरी स्वतःच्या मशीनवर कमिट करायला कोणाचा पुश लागत नाही. रोज दोन-तीन छोटे कमिट करत जा आणि शुक्रवारी सीनिअरला फोल्डर देण्याऐवजी तुझ्या मशीनवरच्या ब्रांचचं नाव दे.

टेस्टिंगबद्दल: ते काम आवडत असेल तर जरूर जा, ते खालच्या पायरीचं काम नाही. पण गिटपासून सुटका म्हणून जाऊ नकोस. ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट गिटमध्येच असतात, आणि कोणत्या बिल्डमध्ये (तपासायला दिलेल्या तयार आवृत्तीत) बग आला हे सांगायला टेस्टरलाही लॉग वाचता यावा लागतो. निदान तीन महिने थांब. तोवर तुला कोड लिहायला आवडत नाही की फक्त त्या एका दिवसाची लाज मनात बसली आहे, हे तुझं तुलाच कळेल. पत्रात तू लिहिलं आहेस की गेल्या महिन्यात एका रिपोर्टची क्वेरी तू चाळीस सेकंदांवरून दोन सेकंदांवर आणलीस. ते वाक्य तू कंसात टाकलं आहेस. मी ते कंसाबाहेर काढून ठेवते.

घरी काय सांगायचं ते तू ठरव. फेरफार आणि सातबाऱ्याच्या उदाहरणाने वडिलांना तुझं काम सांगून बघ, त्यांना ते लगेच कळेल असं मला वाटतं.

आणि रविवारचा सराव झाला की सोमवारी जेवणानंतर त्या सहकाऱ्याकडे जा. माफी तू तेव्हाच मागितली आहेस, पुन्हा नको. एवढंच विचार: "त्या दिवशी तू ते परत कसं आणलंस, मला करून दाखवशील?" वही-पेन घेऊन जा. तो टर्मिनल उघडेल, बहुधा आधी रीफ्लॉग किंवा लॉगच दाखवेल, आणि तो काय टाइप करतो आहे ते तुला तो सांगायच्या आत ओळखू येईल.